वागळे पटत नाहीत त्यांच्यासाठी

सोलापूरहून वाडीकडे जाणारी गाडी होटगी, अक्कलकोट रोड, नागणसूर, बोरोटी करत दुधनीला येते आणि पुढे थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो. अक्कलकोटला स्वामी समर्थांचं दर्शन घेऊन गाणगापूरला निघालेले भक्त खिडकीतून जेवढं बघतील तेवढंच या गावाचं दर्शन उरलेल्या महाराष्ट्राला होतं. गाव तुरीचं आहे. हंगामात बाजार समितीच्या आवारात आडत्यांच्या गाळ्यांपुढे तुरीचे ढीग लागतात, सीमेपलीकडचा शेतकरीही माल घेऊन येतो. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली धरून ओल किती आहे ते बघतो आणि मग बोली लावतो. घरात कन्नड, शाळेत मराठी किंवा कन्नड, हिशोबाच्या वहीत मराठी, बाजारात दोन्हींची भेळ. इथे ‘मराठी माणूस’ म्हणजे नेमका कोण, हे एका वाक्यात सांगायची कुणाची हिंमत होणार नाही.

मराठीतल्या उदारमतवादी राजकीय भाष्यकारावर लिहायचं, तर मुंबई-पुण्यात त्याच्या चाहत्यांना भेटणं सोपं असतं. मला त्याचा विरोधक हवा होता. तोही पक्षाचा पदाधिकारी नको, समाजमाध्यमांवर शिव्या देणारा भाडोत्री पोरगाही नको. आपल्या मतांनी परंपरावादी असलेला, वाचणारा, ऐकणारा माणूस हवा होता. तो दुधनीच्या आडतबाजारात भेटला. वय साठीच्या पुढे, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, समोर उघडी वही. सौदे उरकले होते, हमाल दाभणाने पोत्यांची तोंडं शिवत होते आणि पोत्यावर टेकवलेल्या मोबाइलमधून उजव्या बाजूच्या भाऊ तोरसेकरांचा यूट्यूबवरचा ‘प्रतिपक्ष’ खणखणत होता. आजूबाजूचे त्यांना अण्णा म्हणत होते, म्हणून मीही अण्णाच म्हणतो.

मला ज्यांच्यावर लिहायचं होतं त्या निखिल वागळ्यांचं नाव काढताच अण्णांनी मोबाइल बंद केला. मग बराच वेळ ते एकटेच बोलले. त्यातून कळलं ते असं, की ‘आयबीएन लोकमत’वर ‘आजचा सवाल’ लागायचा त्या काळात अण्णांनी तो फारसा चुकवला नव्हता. जेवण उरकून, टीव्हीशी भांडत भांडत, पण बघायचे. वागळ्यांचे कोणते मुद्दे कधी बदलले, कुणाला त्यांनी किती वेळ बोलू दिलं, कुणाचा माइक तोडला, हे त्यांच्या लक्षात होतं. पुण्यातल्या माझ्या कितीतरी पुरोगामी मित्रांना वागळे आवडतात, पण त्यांनी वागळ्यांना सलग तासभर ऐकलेलं नाही. भाष्यकाराचा नेमाने ऐकणारा श्रोता बहुधा त्याच्यावर चिडलेलाच असतो.

अण्णांच्या तक्रारींकडे येण्याआधी ज्या माणसावर त्या आहेत त्याची कारकीर्द थोडक्यात सांगायला हवी, कारण मराठीत अशी दुसरी नाही. वागळे साप्ताहिक ‘दिनांक’मधून पुढे आले. त्यांच्या ‘अक्षर’ प्रकाशनाने ‘षटकार’ हे क्रिकेटचं पाक्षिक काढलं, त्याचं संपादन संदीप पाटील करत. सिनेमाचं ‘चंदेरी’ही त्याच घरातलं, आणि ‘अक्षर’चा दिवाळी अंक तर आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. १९९० मध्ये त्यांचं ‘आपलं महानगर’ हे सायंदैनिक आलं. शिवसेनेचा दरारा भरात असताना तिच्याविरुद्ध तिच्याच मुंबईत, तिच्याच वर्गाला समजेल अशा छोट्या वाक्यांत लिहिणारं ते वर्तमानपत्र होतं. ऑक्टोबर १९९१ मध्ये पाकिस्तानच्या दौऱ्याला विरोध म्हणून शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली. ‘महानगर’ने त्यावर झोड उठवली आणि कार्यालयावर हल्ला झाला. तो शेवटचा नव्हता. पुढे विधिमंडळाच्या हक्कभंगाबद्दल त्यांना चार दिवसांचा तुरुंगवास झाला, म्हणजे दगड फक्त रस्त्यावरूनच आले असं नाही.

२००८ मध्ये ‘आयबीएन लोकमत’ सुरू झालं आणि वागळे घराघरात गेले. दुधनीसारख्या गावात ‘महानगर’ कधी पोचलं नसतं, ‘आजचा सवाल’ पोचला. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘मुंबई सगळ्या भारतीयांची’ असं सचिन तेंडुलकर म्हणाला, त्यावर बाळासाहेबांनी ‘सामना’तून त्याला सुनावलं, त्यावर वागळ्यांनी बाळासाहेबांना सुनावलं, आणि २० नोव्हेंबरला वाहिनीच्या मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत शिवसैनिक घुसले. २०१४ च्या जुलैत वागळे त्या वाहिनीतून बाहेर पडले. नंतर ‘महाराष्ट्र १’, मग ‘टीव्ही नाइन’वरचं ‘सडेतोड’, जे २०१७ च्या जुलैत अचानक थांबलं. त्यानंतर यूट्यूब आणि सभा. ९ फेब्रुवारी २०२४ ला पुण्यात राष्ट्र सेवा दलात ‘निर्भय बनो’ या मोहिमेची सभा होती. असीम सरोदे, विश्वंभर चौधरी आणि वागळे एकाच गाडीतून निघाले होते. लालकृष्ण अडवाणींना भारतरत्न जाहीर झाल्यावर वागळ्यांनी केलेल्या पोस्टचा राग भाजपच्या कार्यकर्त्यांना होता. गाडीवर दगड, अंडी, शाई सगळं पडलं, काचा फुटल्या. सभा मात्र झाली आणि वागळे तिथे बोलले. त्या पोस्टबद्दल त्यांच्यावर गुन्हाही दाखल झाला होता.

ती पोस्ट मला स्वतःला उथळ वाटली होती. विचार कमी आणि चिमटा जास्त. पण त्या रात्री फुटलेल्या काचांची दृश्यं बघितल्यावर ‘पोस्ट उथळ होती’ असं चारचौघांत म्हणणं अशक्य झालं. म्हटलं असतं, तर मी दगड मारणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो असतो. पस्तीस वर्षांत वागळ्यांवर जे हल्ले झाले त्यांनी त्यांचं तोंड बंद केलं नाही, हे सगळेच सांगतात. त्या हल्ल्यांनी त्यांच्यावरच्या टीकेचं तोंड मात्र दरवेळी बंद केलं, हे कुणी सांगत नाही. दगड पडला की भाष्यकार शहीद होतो, आणि शहिदाला प्रश्न विचारायचे नसतात.

अण्णांकडे प्रश्न होते. पहिला रीतीचा. वागळे पाहुण्याला बोलावून त्याला बोलू देत नाहीत. न्यायाधीश तेच, वकील तेच आणि कधी कधी फौजदारही तेच. हा आक्षेप फक्त परंपरावाद्यांचा नाही. समोरच्या पुढाऱ्याला उत्तर टाळू न देणं हे एका टप्प्यापर्यंत मराठी टीव्हीवर नवं होतं आणि हवंही होतं. मंत्र्याला अरे-तुरे न करता पण जी-हुजूरही न करता विचारणारा माणूस आधी पडद्यावर नव्हता. मात्र तीच पद्धत पुढे सगळ्या वाहिन्यांनी उचलली. आज रात्री नऊला जी आरडाओरड चालते तिच्यात उदारमतवाद औषधालाही नाही, पण सूर ओळखीचा वाटतो. वागळ्यांनी जो आवाज सत्तेवर चढवला तोच आवाज नंतरच्या सूत्रधारांनी सत्तेच्या वतीने चढवला. यात वागळ्यांचा किती दोष, यावर वाद होईल. अण्णांच्या मते पुष्कळ.

दुसरा आक्षेप अधिक खोल आणि अधिक जुना. हे लोक फक्त हिंदूंच्या रूढींवर बोलतात. इतरांच्या दारात गेल्यावर यांची चप्पल बाहेर आणि जीभही बाहेर. अण्णांनी यासाठी तोरसेकरांचा दाखला दिला असता तर मी कान बंद केले असते. त्यांनी हमीद दलवाईंचा दिला. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढणारे, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे, अत्र्यांच्या ‘मराठा’त पत्रकारी केलेले दलवाई. त्यांच्यावर त्यांच्याच समाजातल्या सनातन्यांनी बहिष्कार टाकला, आणि आमच्या पुरोगाम्यांनी त्यांना जेवढं उचलून धरायला हवं होतं तेवढं धरलं नाही. हा इतिहास उजव्या बाजूचे लोक सोयीसाठी वापरतात, मान्य. दलवाई हयात असते तर ज्यांच्या जिभेवर आज त्यांचं नाव आहे त्यांचाही त्यांनी समाचार घेतला असता, हेही मान्य. तरी आक्षेप उरतोच. तोंडी तलाकच्या प्रश्नावर मराठी उदारमतवादी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत जितक्या दबक्या आवाजात बोलत होते, तितक्या दबक्या आवाजात ते शबरीमलाबद्दल बोलले नाहीत. यावर ‘अल्पसंख्याकांवर आधीच दडपण आहे, त्यात आपण भर घालू नये’ असं उत्तर आहे. ते गंभीर उत्तर आहे. ते अण्णांपर्यंत कुणी पोचवलं आहे का? त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की असा प्रश्न विचारणारा संघाचा असतो.

तिसरी गोष्ट अण्णांनी हसत सांगितली. ज्या शिवसेनेने वागळ्यांची कचेरी फोडली, तिच्याच उद्धव ठाकरेंना फायदा होईल अशा सभा वागळे २०२४ मध्ये घेत फिरले. मग ते पत्रकार की प्रचारक? ‘निर्भय बनो’ भाजपच्या विरोधात उघडपणे उभं होतं, ते लपवलेलं नव्हतं. लोकशाही धोक्यात आहे असं ज्याला मनापासून वाटतं त्याने तटस्थतेची चादर ओढून झोपावं, असं मी म्हणणार नाही. पण एकदा मंचावर चढलेल्या माणसाला ‘मी फक्त भाष्यकार’ म्हणून परत खाली उतरता येत नाही. कुमार केतकरांच्या बाबतीत हेच झालं. ‘लोकसत्ता’चे संपादक असताना, जून २००८ मध्ये, अरबी समुद्रातल्या शिवस्मारकावर त्यांनी उपरोधिक अग्रलेख लिहिला. ठाण्यात त्यांच्या घरावर हल्ला झाला. हल्लेखोर विनायक मेट्यांच्या संघटनेचे होते, म्हणजे सनातनी ब्राह्मण वगैरे काही नव्हते. अस्मितेला धक्का लागला की मराठीत कोणतीही जात सनातनी होऊ शकते. तो अग्रलेख त्यांच्या धाडसाचा दाखला म्हणून आजही सांगितला जातो. २०१८ मध्ये केतकर काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले आणि त्यांच्या विरोधकांनी आधीच्या सगळ्या अग्रलेखांना मागच्या तारखेचा पक्षाचा शिक्का मारून टाकला. केतकरांची मतं त्या दिवशी बदलली नव्हती. वाचकाने त्या मतांवर ठेवलेला विश्वास बदलला.

हे सगळं नवं नाही. मराठीत उदारमतवादी भाष्यकार आणि त्याचा सनातनी टीकाकार ही जोडी वर्तमानपत्रांइतकीच जुनी आहे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने शंभरावर पत्रं लिहिली आणि पुण्याच्या ब्राह्मणांना आरसा दाखवला. त्यांना खरं उत्तर मिळायला पंचवीस वर्षं लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ काढली, सात वर्षं चालवली आणि तीत लोकहितवादींची भाषा, त्यांची तर्कपद्धती, त्यांचं इंग्रजांबद्दलचं कौतुक यांची सालं काढली. त्यात तोरा होता, जोतीराव फुल्यांवर लिहिताना तर जातीचा तोरा होता, आणि तो आज वाचवत नाही. पण चिपळूणकरांचा एक मुद्दा बिनतोड होता: परक्या राज्यकर्त्याच्या पगारावर राहून स्वतःच्या समाजाला शिव्या देणाऱ्याने आधी आपण कुठे उभे आहोत ते बघावं. या प्रश्नाने पुढची पिढी घडवली. गंमत म्हणजे त्याच चिपळूणकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि त्यांच्या सहभागाने निघालेल्या ‘केसरी’त गोपाळ गणेश आगरकर होते. १८८१ पासून १८८७ पर्यंत ‘केसरी’चे संपादक आगरकरच.

आगरकरांचं चरित्र शाळेत शिकवलं जातं, म्हणून त्यातला अर्धा भाग नजरेतून सुटतो. कराडजवळच्या टेंभूचा गरीब मुलगा, दम्याचा रोगी, कोल्हापूर प्रकरणी टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस, नंतर त्याच टिळकांशी फाटल्यावर १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सुधारक’, १८९५ च्या जूनमध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मृत्यू. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, हे प्रत्येकाला माहीत असतं. संमतिवयाच्या विधेयकावर टिळकांनी त्यांना काय उत्तर दिलं, ते फार थोड्यांना माहीत असतं. मुलींसाठी संमतीचं वय दहावरून बारा करायला टिळकांचा विरोध होता, पण ‘धर्म बुडाला’ एवढंच ते म्हणाले नाहीत. परक्या सरकारने कायदा करू नये, म्हणत त्यांनी सुधारकांपुढे उलटा प्रस्ताव ठेवला: मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करणार नाही अशी शपथ तुम्ही सगळे स्वतः घ्या. सुधारक म्हणवणाऱ्या अनेकांची त्याने पंचाईत झाली, कारण त्यांच्या घरातली लग्नं त्या वयाच्या आतच उरकलेली होती. कायदा १८९१ मध्ये झाला आणि तो व्हायलाच हवा होता. माझ्या मते आगरकर बरोबर होते. पण ती टीका अशी होती की आगरकरांना तिच्यासाठी रात्र जागून लिहावं लागलं. प्रेतयात्रेसाठी त्यांना काहीच करावं लागलं नाही.

दुधनीत बसून टीका आणि हल्ला यांतला हा फरक पुण्याहून जास्त टोचतो, कारण इथून सीमेपलीकडचं मरणही जवळ आहे. एम. एम. कलबुर्गींचा जन्म शेजारच्या विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी तालुक्यात, यरगलला झाला. ते राजकीय भाष्यकार नव्हते, कन्नड वचनसाहित्याचे संशोधक होते, पण लिंगायत समाजाच्या इतिहासावर त्यांनी जे लिहिलं त्याचे राजकीय पडसाद इथल्या मठांपर्यंत आले. १९८९ मध्ये ‘मार्ग’ या लेखसंग्रहातल्या लेखनावरून समाजातल्या कर्मठांनी त्यांना इतकं घेरलं की त्यांनी ते मागे घेतलं. त्यांना ते आयुष्यभर सललं. ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडमध्ये त्यांच्या घराच्या दारात त्यांना गोळ्या घातल्या. दोन वर्षांनी, ५ सप्टेंबर २०१७ ला, बंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश. त्यांच्या वडिलांनी, पी. लंकेशांनी, १९८० मध्ये एकही जाहिरात न घेणारं ‘लंकेश पत्रिके’ सुरू केलं होतं. गौरींनी ती रीत आपल्या साप्ताहिकात चालवली. मरण्याच्या आदल्या वर्षी हुबळीच्या न्यायालयाने भाजप नेत्यांच्या बदनामीच्या खटल्यात त्यांना सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. तिथवर ठीक होतं, म्हणजे न्यायालय होतं, अपील होतं. नंतर जे झालं त्याला अपील नसतं. महाराष्ट्रात तोवर दाभोलकर आणि पानसरे गेलेच होते. दाभोलकरांच्या खुनाबद्दल १० मे २०२४ ला पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडलं.

अण्णा लिंगायत आहेत, कलबुर्गींचं लेखन त्यांना पटत नव्हतं, आणि कन्नड वाचता येत असल्याने त्यांनी ते वाचलं होतं. त्यांचा त्या खुनानंतरचा राग वेगळ्या जातीचा होता. बसवण्णांच्या अनुभवमंटपात वाद घालायचे, तिथे गोळीचं काय काम, असा त्यांचा सूर. शिवाय मेल्यावर कलबुर्गींशी भांडायची सोय राहिली नाही, हेही. ज्याच्याशी भांडायचं तोच गेला तर भांडण जिंकलं असं होत नाही, असं ते दोन भाषांत दोनदा म्हणाले.

त्यांची खरी तक्रार सगळ्यांत शेवटी आली, आणि ती त्यांना विचारधारेची वाटतच नव्हती. त्यांनी ती जरा संकोचत, शेतकऱ्याची पट्टी लिहिता लिहिता सांगितली. तुरीबद्दल कुणी बोलत नाही.

२०१६-१७ च्या हंगामात देशात तुरीचं उत्पादन आधीच्या वर्षीच्या पंचवीस लाख टनांवरून अठ्ठेचाळीस लाख टनांच्या आसपास गेलं. आधीच्या वर्षी डाळ दोनशे रुपये किलो झाली म्हणून सरकारनेच ‘तूर पेरा’ म्हटलं होतं. हमीभाव बोनस धरून ५०५० रुपये क्विंटल. बाजारात भाव त्याच्या कितीतरी खाली. २२ एप्रिल २०१७ ला खरेदी केंद्रं बंद झाली तेव्हा महाराष्ट्रभर ट्रॅक्टरच्या रांगा उभ्या होत्या. वाहिन्यांनी रांगा दाखवल्या, शेतकऱ्याचा रडवेला चेहरा दाखवला, मंत्र्याला झापलं. पण बाहेरून आयात चालू, डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून बंदी, व्यापाऱ्याच्या साठ्यावर मर्यादा, आणि मग भाव पडल्यावर हळहळ, हे यंत्र कसं चालतं ते कुणी बसून समजावलं नाही. निर्यातबंदी त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये उठली, तोवर इथल्या शेतकऱ्याने माल फुंकून टाकला होता. आजही शहरात डाळ महागली की आयात मोकळी होते आणि या गाळ्यात बोली उतरते.

इथे मला मराठी उदारमतवादाचं जुनं दुखणं दिसतं. माणसाने कुणाशी लग्न करावं, काय खावं, कोणत्या देवळात जावं, काय लिहावं या स्वातंत्र्यावर आमचे भाष्यकार जीव ओततात. त्याने आपला माल कुणाला, कुठे, केव्हा विकावा हेही स्वातंत्र्यच आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. शरद जोशींनी ते आयुष्यभर सांगितलं. शेतकरी संघटना उभी केली, १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, सरकारने शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावं एवढीच मागणी केली. पुरोगाम्यांनी त्यांना बाजारवादी म्हणून बाहेर ठेवलं आणि ते भाजपच्या मदतीने राज्यसभेत गेल्यावर तर विषयच संपवला. म्हणजे उदारमतवादातली जी अर्धी भाकरी दुधनीच्या ताटात पडू शकली असती ती आपणच परत नेली, आणि मग दुधनीकर ‘प्रतिपक्ष’ का ऐकतात म्हणून आश्चर्य करत बसलो. तोरसेकर तरी तुरीवर कुठे बोलतात, असं मी अण्णांना विचारलं. नाहीच बोलत, त्यांनी लगेच कबूल केलं. पण ते निदान मला मूर्ख समजत नाहीत.

सीमाप्रश्नाचंही तेच. महाजन आयोगाने १९६७ मध्ये अक्कलकोट तालुका म्हैसूरला द्यावा अशी शिफारस केली, महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मईंनी पुन्हा जतबरोबर सोलापूर-अक्कलकोटवर हक्क सांगितला. त्याच सुमारास अक्कलकोट तालुक्यातल्या काही गावांनी, रस्ते नाहीत, पाणी नाही, तर आम्ही कर्नाटकात जातो, असे ठराव केले. मुंबईच्या स्टुडिओत उजव्यांनी त्यांना महाराष्ट्रद्रोही ठरवलं. उदारमतवाद्यांनी काय केलं? त्यांनी ‘भाषिक अस्मितेचं राजकारण’ या विषयावर चर्चा घेतली. ठराव डांबराबद्दल होता. घरात कन्नड बोलणारा, मतदार म्हणून महाराष्ट्राचा, २०१४ मध्ये विधानसभेला काँग्रेस आणि २०१९ ला भाजप निवडून देणारा, त्याच वर्षी लोकसभेला गौडगावच्या मठाच्या जयसिद्धेश्वर स्वामींना सुशीलकुमार शिंदे आणि प्रकाश आंबेडकर यांच्यावर विजय मिळवून देणारा आणि २०२४ ला प्रणिती शिंदेंचं खासदार होणंही पाहणारा हा तालुका. त्याला ‘प्रतिगामी’ म्हटलं की समजून घ्यायचे कष्ट वाचतात.

वागळ्यांबद्दल माझा निकाल विचारला तर तो असा. सत्ता कुणाचीही असो, तिला भीती न बाळगता विचारणारा मराठी माणूस म्हणून त्यांची नोंद होईल आणि ती व्हायलाच हवी. पस्तीसेक वर्षं मार खाऊन तोच धंदा करत राहणं सोपं नाही. मराठीतल्या भल्याभल्या संपादकांनी एका फोनवर अग्रलेख बदललेले आहेत. पण आपल्या विरोधकाला वागळ्यांनी जितकं घाबरवलं तितकं समजावलं नाही. आणि त्यांच्या विरोधकांनी, ज्यांच्याकडे आज दिल्ली आहे, मुंबई आहे, वाहिन्या आहेत, एवढं सगळं असूनही वागळ्यांना पुरून उरेल असा एक निबंध लिहिलेला नाही. चिपळूणकरांकडे सत्ता नव्हती, एक मासिक होतं.

म्हणून शेवटी एक विनंती, ज्यांना वागळे पटत नाहीत अशा वाचकांना. हा अंक तुमच्याही घरात येतो, हे मला माहीत आहे. पुढच्या वर्षीच्या अंकासाठी तुम्ही वागळ्यांच्या विरोधात लेख लिहा. हवा तेवढा कडक लिहा. त्यांची जुनी भाषणं, जुने अंक, जुने कार्यक्रम काढा, जिथे ते दुटप्पी वागले तिथे तारखेसकट बोट ठेवा. लेख मराठीत असावा, त्यात त्यांच्या जातीचा, वयाचा आणि आजाराचा उल्लेख नसावा, आणि खाली तुमचं खरं नाव असावं. तो छापावा म्हणून संपादकांकडे शब्द मी टाकीन. दुधनीच्या अण्णांनाही मी हेच सांगून आलो. हंगाम संपला की लिहायला बसतो, म्हणाले.